तळावरचं नाव

ऋजुता शेंबेकरच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक भांड्यावर दुसऱ्या बाईचं नाव होतं, आणि बावीस वर्षांत हे तिला एक दिवसही विसरता आलेलं नव्हतं.

नाव केतकीचं. केतकी म्हणजे मिहीरची पहिली बायको. लग्नानंतर पाचव्या वर्षी दुखण्याने गेली, पण तिचा आहेर मागे राहिला. पातेल्यांवर ‘चि. मिहीर व चि. सौ. कां. केतकी यांस सप्रेम भेट’, खाली कुठल्याशा मावशीचं नाव आणि तारीख. परातीवर केतकी, पोह्यांच्या डब्यावर केतकी, झाऱ्याच्या दांड्यावर जेमतेम बोटभर जागा, तर तिथेही दाटीवाटीने केतकीच. ऋजुताने मिहीरशी लग्न केलं ते नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. ‘आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेत घालायचा आग्रह तिचा स्वतःचा होता. त्या आग्रहापायी तिच्या नावाचा साधा चमचाही या घरात आला नाही.

भांडी घासायला घरात यंत्र होतं. पण केतकीची पातेली ऋजुता हातानेच घासायची, आणि नावाच्या जागी तारेची घासणी चार वेळा जास्त फिरवायची. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर एका पातेल्यावरच्या ‘सप्रेम’मधला ‘स’ तेवढा पुसट झाला होता. बाकी नाव ठणठणीत.

भांडी सरळ मोडीत का काढली नाहीत, असं कुणीही विचारील. काढली असती, मिहीर केतकीबद्दल दोन शब्द बोलला असता तर. तो कधी बोललाच नाही. बोलणाऱ्या नवऱ्याशी भांडता तरी येतं. आणि गेलेल्या बाईची एक मोठीच सोय असते: तिचे गुडघे दुखत नाहीत, तिचे केस पांढरे होत नाहीत. ऋजुता पंचावन्नची झाली, केतकी आपली एकोणतीसच राहिली. ऋजुता तिच्यावर जळायची. हे तिला स्वतःलाही माहीत होतं आणि त्याची लाजही वाटायची, पण लाज वाटली म्हणून जळणं काही थांबत नाही.

बाहेरच्या जगात मात्र ही बाई हुशार आणि करारी म्हणून ओळखली जाई. सासवडच्या पुढे माळावर दूरयान केंद्र आहे, तिथल्या धूळ-गटाची ती प्रमुख होती. धूळ-गट हे नाव ऐकून लोक हसत, पण चोवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या ‘दूरगामी’ यानाचं पुढे काय होणार, हे सांगणं त्याच गटाच्या हाती होतं.

‘दूरगामी’ आता सूर्याच्या हद्दीबाहेर पडलं होतं. इथून निघालेला संदेश त्याच्यापर्यंत पोहोचायला पंधरा तास लागत. त्याची अणुबॅटरी विझत आली होती. आणखी चार-सहा महिन्यांत ते कायमचं मुकं होणार होतं. पण मुकं झालं म्हणून ते संपत नाही. तिथे हवा नाही, पाणी नाही, त्यामुळे गंज नाही. थांबवणारं काही नाही, त्यामुळे ते चालतच राहणार. त्याच्या पोटातल्या एका डब्यात सोन्याचा मुलामा दिलेला पत्रा होता आणि त्या पत्र्यावर पृथ्वीची हकिगत कोरलेली होती: आपण कुठे राहतो, कसे दिसतो, कसे गातो. पुढेमागे कुणाला सापडलीच तर.

या डब्याला शत्रू एकच, ताऱ्यांच्या मधली धूळ. धुरापेक्षा बारीक कण, पण यान त्यांच्यावर आदळतं ते सेकंदाला पंचवीस किलोमीटरच्या वेगाने. त्या वेगाने सासवडहून पुणं सव्वा सेकंदात येईल. प्रत्येक कण धातूवर डोळ्यांना न दिसणारा खळगा पाडतो. एका खळग्याने काहीच बिघडत नाही. कोट्यवधी वर्षांत मात्र पुढची बाजू घासून निघते आणि मागची तशीच राहते.

आजवर यान तळ पुढे करून चाललं होतं, कारण मागच्या बाजूची मोठी थाळी, म्हणजे अँटेना, पृथ्वीकडे रोखलेली असायला हवी होती. तसंच ते कायम जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण गेल्या वर्षी यानावरच्याच धूळमापकाने कळवलं की तिथले कण अंदाजापेक्षा जास्त आहेत, मोठेही आहेत. त्यामुळे जुनं गणित कोलमडलं.

“शेवटचं थोडं इंधन उरलंय,” केंद्राच्या संचालक वसुंधरा नाडगौडा बैठकीत म्हणाल्या. “त्यात यान एकदाच वळवता येईल आणि भोवऱ्यासारखं फिरवून सोडता येईल. भोवरा कसा, फिरत असला की कलंडत नाही. तसं तेही जे तोंड पुढे करू ते पुढेच ठेवील. तळ पुढे की थाळी पुढे, एवढंच ठरवायचंय. ऋजुताताई, तुमच्या सहीने जे येईल तेच आपण करू.”

ऋजुताने मान डोलावली. तिला मनातून अभिमान वाटला.

गणितासाठी तळाचा बारीकसारीक तपशील हवा होता. तिच्या हाताखालच्या मेहेक शेखने जुळणीच्या वेळची जुनी छायाचित्रं काढून दिली. तळाच्या चार कोपऱ्यांना चार पोलादी चकत्या होत्या, पुरीएवढ्या. यानाचा तोल साधण्यासाठी शेवटी अशी वजनं लावतात. ऋजुताने एका चकतीची जाडी मोजायला चित्र मोठं केलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

चकतीवर नाव कोरलेलं होतं. साध्या, गोल, देवनागरी अक्षरांत. ‘केतकी’.

हे अक्षर तिच्या हाताखालचं होतं. रोज सकाळी दुधाच्या पातेल्यावर ते तिच्याकडे बघायचं. सासवडच्या बाजारात भांड्यांवर नावं घालून देणाऱ्या कासारकाकांचं अक्षर! आणि तेव्हा यानाच्या जुळणी विभागाचा प्रमुख कोण, तर मिहीर शेंबेकर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातली पातेली कमी पडली म्हणून आता आकाशातही? पातेली फार तर शे-दोनशे वर्षं टिकतील. हे नाव सगळी माणसं संपल्यावरही उरणार होतं. आणि ऋजुताचं? सरकारी अहवालाच्या शेवटच्या पानावर, सहीपुरतं.

दुसऱ्या दिवशी ती कासारकाकांच्या दुकानात गेली. म्हातारा ऐंशीच्या घरात होता, पण कोरणीचं विजेचं पेन अजून त्याच्याच हातात होतं. शेजारी नातवाने लेझरचं यंत्र आणून ठेवलं होतं, त्यावर काकांचा टॉवेल वाळत होता.

“मिहीरराव ना?” काका म्हणाले. “आठवतंय की! पोलादाच्या चकत्या घेऊन आलते. चौघं होते. एकानं गावच्या म्हसोबाचं नाव घातलं, एकानं पोरीचं, एकानं कोरीच ठेवली. आनी ह्यांनी मंडळींचं घातलं. त्याच साली वारल्या ना त्या?”

“हो,” ऋजुता म्हणाली.

“मी इचारलं, किती खोल घालू? लोक सांगतात, चांगलं खोल घाला, पुसलं नाय पायजे. हे म्हनले, वरवर घाला काका. अगदी वरवर. मला नवल वाटलं.”

ऋजुताला काही नवल वाटलं नाही. वजनाला ग्रॅमग्रॅम जपणारा माणूस, दुसरं काय सांगणार? पण तिथे धूळच नसती, तर वरवरचं नावही अमर झालं असतं. धूळ होती, आणि धूळ ऋजुताच्या अखत्यारीत होती.

गणित पूर्ण झालं तेव्हा उत्तर लख्ख होतं. थाळी पुढे केली तर ती छत्रीसारखी मार खाईल आणि तिच्या आडोशाला डबा पाचशे कोटी वर्षं टिकेल. तोवर सूर्य फुगून पृथ्वीला गिळंकृत करायला आलेला असेल. तळ पुढे ठेवला तर नव्वद कोटी वर्षांत डब्याला भोक पडणार. म्हणजे थाळीच पुढे हवी. आणि थाळी पुढे म्हणजे तळ मागे, सुरक्षित, त्याच्यावरच्या केतकीसकट.

तळ पुढे ठेवला, तर केतकी सात-आठ कोटी वर्षांत साफ.

ऋजुता त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने थाळीच्या मजबुतीचा आकडा बदलला. फार नाही, थोडासाच. जुन्या कागदांत एक निराशावादी अंदाज होता. कुणीच तो धरत नसे, पण छापलेला होता. त्या अंदाजाने थाळी लवकर फुटली असती आणि तिचे तुकडे डब्यावर आपटले असते. असं धरलं की तळ पुढे ठेवणंच शहाणपणाचं ठरत होतं.

“मॅडम, हा आकडा?” मेहेकने अहवाल चाळताना विचारलं. “आपण स्वतः थाळीच्या तुकड्यावर चाचणी घेतली होती ना? ती याच्या पाचपट मजबूत निघाली होती.”

“चाचणी तीन आठवड्यांची. प्रश्न कोटी वर्षांचा आहे. सावध अंदाज धरावा.”

“पण मग डबा...”

“मेहेक, सही माझी आहे.”

मेहेकने अहवाल मिटून ठेवला. तिचा चेहरा मात्र उतरला, कारण ती हे शास्त्र ऋजुताकडूनच शिकली होती. अहवाल शुक्रवारी गेला, मंजूरही झाला. आदेश सोमवारी सकाळी अकरा वाजता सुटायचा होता.

रविवारी दुपारी मिहीर परसातली अंजिरं टोपलीत घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून तो आणि त्याची अंजिराची सात झाडं, एवढाच त्याचा संसार होता. त्याने केतकीची परात ओढली आणि तिच्यात अंजिरं ओतली. रोजचंच होतं ते, पण आज ऋजुताला राहवेना.

“तुझ्या बायकोचं नाव मी पुसायला टाकलंय,” ती म्हणाली.

मिहीरने वर पाहिलं. “काय?”

“दूरगामीच्या तळावरचं. मी फोटो पाहिला. कासारकाकांनाही विचारून आले. तळ पुढे ठेवायचा, असं लिहून दिलंय मी. सात-आठ कोटी वर्षं लागतील, पण जाईल एकदाचं. घरातलं नाव तर मला घालवता आलं नाही. बावीस वर्षं मी तिच्या पातेल्यांत तुझा चहा करतेय, आणि तू चकार शब्द बोलत नाहीस. आज तरी बोल. चीड तरी!”

तो चिडला नाही. हातातलं अंजीर परातीत ठेवून खुर्चीवर बसला.

“तळ पुढेच जाणार होता, ऋजु,” तो म्हणाला. “आम्ही बनवलं तेव्हा सगळ्यांनी तसंच धरलं होतं. म्हणूनच मी तळावर घातलं.”

“म्हणजे?”

“ती गेल्यावर मी एकदा भांडी भरून मोडीत द्यायला निघालो होतो. दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्या हाताने होईना. मग वाटलं, असं कुठेतरी नाव घालावं की ते आपोआप पुसलं जाईल. कुणाला पुसावं लागणार नाही. धूळ पुशील. काकांना म्हणूनच सांगितलं, वरवर घाला.” त्याने परात जरा बाजूला सारली. “तू लिहून दिलंस ते... बरं झालं म्हणायचं.”

ऋजुताला वाटलं होतं की खरं काय ते कळलं की आत कुठेतरी थंड होईल. झालं उलटंच. टिकावं म्हणून माणूस कुणाचंही नाव घालतो, देवळाच्या पायरीवरसुद्धा घालतो. पण पुसलं जावं म्हणून सूर्याच्या हद्दीबाहेर पाठवायचं? असं दुःख मिहीरने कुणासाठी तरी केलं होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. इतकी ती आजवर कधीच जळली नव्हती. आणि त्यावर कडी म्हणजे, सूड म्हणून जे तिने केलं होतं, ते नेमकं त्याला हवं तेच निघालं होतं! खोटा आकडा घालून, मेहेकचं तोंड बंद करून, चारशे कोटी वर्षांची पृथ्वीची हकिगत पणाला लावून तिने नवऱ्याचं पहिल्या बायकोपायी राहिलेलं काम पार पाडलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. तिने परातीतली अंजिरं टोपलीत परत ओतली आणि रिकामी परात त्याच्यापुढे धरली.

“हे बघ मिहीर. मी बावीस वर्षं तिची भांडी घासली. पुढची आठ कोटी वर्षं तिचं नाव घासत बसायला मी मोकळी नाही. तुला पुसायचं असेल तर तू पूस. मला माझं काम आहे.”

सोमवारी सकाळी नऊ वाजता ती नाडगौडांच्या खोलीत उभी होती. मेहेकलाही तिने बोलावून घेतलं होतं.

“थाळीचा आकडा मी चुकीचा धरला,” ती म्हणाली. “चुकून नव्हे. मुद्दाम. कारण घरगुती आहे, ते सांगायची मला लाज वाटते. मेहेकचं म्हणणं बरोबर होतं. थाळी पुढे करायला हवी. आणि इथून पुढे धूळ-गटाची सही तिची असावी.”

नाडगौडांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चोवीस वर्षं हे यान आपण सांभाळलं,” त्या म्हणाल्या, “आणि ते शेवटी कुणाच्या तरी घरगुती कारणाने वाया जाणार होतं. यावर नंतर बोलू, आणि ते बोलणं तुम्हाला आवडणार नाही. आता आदेश दुरुस्त करा. दोन तास आहेत.”

मेहेकने आकडे बदलले, ऋजुताने एकेक ओळ तपासली. अकरा वाजता आदेश सुटला. पंधरा तास जायला, पंधरा यायला. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता यानाच्या तळाकडच्या छोट्या अँटेनावरून क्षीण उत्तर आलं: यान वळलं आहे, फिरतं आहे, थाळी पुढे आहे. टाळ्या पडल्या. ऋजुतानेही वाजवल्या. केतकी आता पाचशे कोटी वर्षं कुठेही जाणार नव्हती, आणि तिला तिथे नीट बसवून देणारी ऋजुताच होती.

ती घरी आली तेव्हा मिहीर नव्हता. टोपलीतली अंजिरं तशीच होती. थोड्या वेळाने तो फाटकातून आला, हातात कापडी पिशवी, शर्टाला घाम.

“थाळी पुढे केली,” ती म्हणाली. “नाव राहिलं. तुला वाईट वाटत असेल तर वाटू दे.”

“वाटेल,” मिहीर म्हणाला. “पण ते माझं मी बघीन. तू त्यात पडू नकोस.” मग त्याने पिशवीतून एक नवं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं. “सासवडला गेलो होतो. दुपारी दोन वाजल्यापासून काकांपुढे बसलो होतो. नातू म्हणत होता, लेझरने मिनिटात होईल. काका ऐकेनात.”

पातेल्याच्या काठाखाली गोल अक्षरांत कोरलं होतं: ‘ऋजुता’. ना ‘सौ.’, ना ‘सप्रेम भेट’, ना तारीख.

“काकांनी विचारलं असेल,” ती म्हणाली. “किती खोल म्हणून.”

“विचारलं.”

“मग?”

“म्हटलं, भोक पडणार नाही एवढं बघा. बाकी तुमच्या हातात जोर असेल तेवढं.”

ऋजुताने नावावरून अंगठा फिरवला. मग फळीवरून दुधाचं जुनं पातेलं काढलं आणि त्यावरच्या नावावरूनही अंगठा फिरवला. पुन्हा नव्यावरून. कुठला धातू किती घासला म्हणजे किती झिजतो, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तिने मनातल्या मनात हिशोब केला आणि हिशोब तिच्या बाजूने आला. बरं वाटलं. अशा गोष्टीने बरं वाटावं याची लाज वाटली, पण बरं वाटलंच.

तिने जुन्या पातेल्यातलं दूध नव्यात ओतून गॅसवर ठेवलं. जुनं तिने मिहीरच्या हातात दिलं आणि नळाशेजारची तारेची घासणी त्यात टाकली.

“हिची भांडी आजपासून तू घासायचीस,” ती म्हणाली. “हळू घासलंस तरी चालेल.”